वाचकांचे प्रश्न : मैदान भरवून मदत उभी करताना

प्रश्न : आमच्या गावातला एक तरुण शेतकरी ट्रॅक्टर उलटून कमरेखाली अधू झाला. यात्रेच्या कुस्ती मैदानातून त्याच्या उपचारासाठी पैसे जमवायचं तरुण मंडळाने ठरवलंय. पैलवानांनी निम्मं इनाम सोडावं, असं काही जाणते म्हणतात. ते योग्य होईल का? हिशेबावरून गावात पूर्वी भांडणं झालीत, त्याचीही धास्ती आहे.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : इनामाला हात लावू नका. मैदानात उतरणारी बहुतेक पोरं शेतकऱ्याघरची. यात्रांच्या हंगामात मिळवायचं आणि त्यावर वर्षभराचं दूध, तूप, बदाम भागवायचं, असा त्यांचा संसार. जोड नेमतानाच निम्म्याची अट घातली तर ती मदत राहत नाही, सक्तीची पट्टी होते. कुस्ती मारल्यावर एखाद्याने हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, उभं राहून आपल्या मनाने दिलं, तर मात्र हात जोडून घ्या.

खाशाबा जाधवांचं उदाहरण जाणत्यांना सांगा. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून 7000 रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले आणि कुस्त्या लढून ते कर्ज फेडलं. फेडा म्हणून त्यांच्या मानेवर कुणी बसलं नव्हतं.

मग पैसा कुठून आणायचा? कुस्ती पुरस्कृत करणाऱ्यांकडून. एका जोडीचं इनाम देणाऱ्याला म्हणा, तेवढीच, किंवा जमेल तेवढी रक्कम उपचारालाही द्या, दोन्हींसाठी तुमचं नाव माइकवर घेऊ. पावती पुस्तकं दोन ठेवा, इनामाचं वेगळं, उपचाराचं वेगळं. बँकेत खातं काढा आणि सह्या दोन वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या माणसांच्या घ्या. शेवटच्या मोठ्या कुस्तीआधी, लोक उठायच्या आत, जमलेला आकडा वाचून दाखवा. भांडणं होतात ती आकडा उशिरा कळल्यामुळे. बिल दवाखान्यात थेट भरा.

पुकारा मराठीत करा आणि कन्नडमध्येही. हलगी वाजली की आपल्याकडे दोन्ही भाषांची माणसं हौद्याभोवती बसतात. चिकोडी भागातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या तालमीत घडले, 1959 साली पहिले हिंदकेसरी झाले, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही अंगांच्या लोकांनी त्यांना आपलं मानलं. तुमच्या पोराच्या मदतीला बॉर्डर आडवी येऊ देऊ नका.

एक कळकळीची विनंती. त्या पोराला खुर्चीत बसवून हौद्यात फिरवू नका. कालपर्यंत तो तुमच्याबरोबर भातलावणी करत होता. त्याला बघून पैसे टाकायला लावणं त्याच्या घरच्यांना आयुष्यभर टोचेल. यायचं असेल तर पुढच्या रांगेत मित्रांसोबत बसून कुस्त्या बघू दे.

पोलिसांची परवानगी आणि मैदानाशेजारी ॲम्ब्युलन्स, या दोन गोष्टी हलगीवाल्यांना सांगायच्या आधी पक्क्या करा.

प्रश्न : मदतीच्या मैदानात मुलींच्या कुस्त्या लावल्या तर चालतील का? थोरले नाराज होतात.
— एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर : लावा. साक्षी मलिकने 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमधून कुस्तीचं पदक आणल्यापासून हा प्रश्न उरायला नको होता. वजन बघून जोड्या नेमा, कपडे बदलायला बंद खोली द्या, आणि इनाम त्याच वजनाच्या मुलांइतकंच ठेवा. आया-बहिणी बघायला येतील, आणि वर्गणीचा डबा त्यांच्याही बाजूला फिरवा.