वाचकांचे प्रश्न : बॅटरी किती उरली, हे कोण सांगणार?

प्रश्न : ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि ओपनबॉक्स टाकले आहे. मशीन चांगले पळते, पण बॅटरीचे चिन्हच दिसत नाही. लाइट गेल्याचे लक्षात येत नाही आणि टाइप करता करता लॅपटॉप बंद पडतो. रॅम न खाणारा कोणता प्रोग्राम घ्यावा?
– एक वाचक, विटा

उत्तर : ओपनबॉक्स फक्त खिडक्या सांभाळतो, बॅटरीकडे पाहण्याचे काम आपणच कुणाला तरी नेमून द्यावे लागते. निवड करताना चिन्ह किती देखणे आहे हे बघू नका. चार्ज संपत आला की प्रोग्राम काय करतो, ते बघा. आकडा सगळेच लिनक्सच्या कर्नलकडून, म्हणजे गाभ्याकडून, घेतात, त्यामुळे अमक्याचा आकडा तमक्यापेक्षा अचूक, असे काही नसते.

तुमच्यासाठी सीबॅटिकॉन योग्य. तो ट्रेमध्ये चिन्ह दाखवतो, सूचना देतो आणि ठरवलेल्या टक्क्याला आपण दिलेली आज्ञा चालवतो. मूळ सेटिंगमध्ये तो दर ५ सेकंदांनी बॅटरी तपासतो. एवढी घाई कशाला? ३० सेकंद पुरेत. ओपनबॉक्सच्या ऑटोस्टार्ट फाइलमध्ये (सुरू होताना काय काय चालवायचे त्याची यादी) त्याच्या नावापुढे ‘-यू ३०’, ‘-एल ३०’, ‘-आर १५’ असे पर्याय लिहा (अक्षरे आणि आकडे इंग्रजीच, अक्षरे लहान लिपीतली). म्हणजे तपासणी ३० सेकंदांनी, पहिला इशारा ३० टक्क्यांना, शेवटचा १५ टक्क्यांना. शेवटच्या इशाऱ्याला चालवायची आज्ञा ‘-सी’ नंतर अवतरणचिन्हांत द्यायची. ओळीच्या शेवटी ‘&’ हवाच. तो राहिला तर त्याखालच्या ओळी चालतच नाहीत.

आज्ञा कोणती, याचा नीट विचार करा. सस्पेंडमध्ये काम रॅममध्ये राहते आणि बॅटरी थोडी थोडी खर्च होतच राहते. भारनियमन तीन-चार तासांचे असेल आणि बॅटरी थकलेली असेल, तर झोपलेले मशीन तसेच संपते आणि न साठवलेले काम जाते. हायबरनेट त्याहून सुरक्षित, कारण काम डिस्कवर लिहिले जाते. त्यासाठी साधारण रॅमएवढी स्वॅप जागा (डिस्कवर राखून ठेवलेला भाग) लागते, म्हणजे तुमच्याकडे ४ जीबी, आणि ते एकदा हाताने चालवून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

दोन गोष्टी हमखास अडतात. पॅनेलमध्ये सिस्टिम ट्रे चालू नसेल तर प्रोग्राम चालत असूनही चिन्ह दिसत नाही. आणि ओपनबॉक्सबरोबर सूचना दाखवणारा प्रोग्राम येत नाही, त्यामुळे इशारा दिला जातो पण पडद्यावर काहीच उमटत नाही. त्यासाठी डन्स्ट टाका. मग चार्जर काढा, पहिल्या इशाऱ्याचा टक्का तात्पुरता आत्ताच्या चार्जएवढा आणि शेवटच्याचा त्याहून एक-दोनने कमी ठेवा आणि खरेच मशीन झोपते का ते बघा. ही चाचणी टाळू नका.

चिन्ह नकोच असेल तर बॅटसिग्नल त्याहून हलका. तो पाठीमागे बसून राहतो, चार्ज उतरेल तसा अधिक वेळा तपासतो, सूचना देतो आणि सांगितल्यास शेवटी आज्ञाही चालवतो. कॉन्की (पडद्यावर मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्राम) आधीच वापरत असाल तर त्यात टक्का दाखवायला एक ओळ पुरते, पण इशाऱ्यासाठी त्याच्यावर राहू नये. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे तयार डेस्कटॉप असलेल्यांनी मात्र यातले काही टाकू नये. त्यांचा स्वतःचा पॉवर मॅनेजर असतो. दोघे एकदम चालले तर एक मशीन झोपवतो, दुसरा बंद करतो.

प्रश्न : सेकंडहँड लॅपटॉप ३५ टक्के दाखवतो आणि एकदम बंद पडतो. प्रोग्राम बदलून फरक पडेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही. दोष बॅटरीत आहे. टर्मिनलमध्ये यूपॉवर या प्रोग्रामकडून बॅटरीचा तपशील मागवा. त्यात आत्ताची पूर्ण क्षमता आणि कारखान्यातून निघतानाची क्षमता असे दोन आकडे येतात. समजा ते २७ आणि ४८ वॉट-अवर आहेत, तर बॅटरी ५६ टक्केच उरली. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. ब्राउझर उघडला, व्हिडिओ लावला की जास्त प्रवाह खेचला जातो, व्होल्टेज एकदम कोसळते आणि बॅटरीतले सर्किट पुरवठा तोडते. टक्क्याचा हिशेब मात्र जुन्याच अंदाजावर चाललेला असतो.

एकदा पूर्ण चार्ज करून, महत्त्वाचे काम बंद ठेवून, पूर्ण उतरू द्या आणि पुन्हा न थांबता भरा. हिशेब बराच ताळ्यावर येतो, क्षमता परत येत नाही. तोवर शेवटचा इशारा ४५ टक्क्यांवर आणि पहिला त्याहून वर ठेवा. सीबॅटिकॉनच्या मूळ सेटिंगचे ५ टक्के तुमच्या कामाचे नाहीत, तिथपर्यंत तुमचे मशीन पोहोचतच नाही. लॅपटॉप कायम चार्जरवर असतो का? मग मॉडेलमध्ये सोय असल्यास टीएलपी या वीज वाचवणाऱ्या प्रोग्राममधून चार्जिंग ८० टक्क्यांना थांबवा. टचपॅड वर आला असेल किंवा तळ फुगला असेल तर यातले काहीच करू नका, वापर थांबवून बॅटरी बदलून घ्या.

प्रश्न : उरलेला वेळ चार तासांवरून क्षणात दीड तासावर येतो. कशावर विश्वास ठेवावा?
– एक वाचक, वाई

उत्तर : टक्क्यावर. वेळ म्हणजे साधा भागाकार आहे. ३० वॉट-अवर उरले आणि खर्च ७.५ वॉट असेल तर चार तास, व्हिडिओ लावून खर्च २० वॉट झाला की दीड. म्हणून इशारे कधीही मिनिटांवर लावू नयेत.