पिल्लाचं गुरगुरणं दाबू नका

ताई, तुम्ही लिहिलंय, तुमचं कुत्र्याचं पिल्लू ११ आठवड्यांचं. वाटीजवळ कुणी गेलं की गुरगुरतं, परवा मुलाच्या हाताला दात लागले, आणि घरचे म्हणतात पेपरची सुरळी करून दोन फटके द्या.

पिल्लाचं नंतर बोलू, आधी मुलाचं. जखम साबण लावून वाहत्या नळाखाली १५ मिनिटं धुवा, परवा धुतली नसेल तर आता धुवा, आणि आजच दवाखान्यात न्या. पिल्लाला रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात, म्हणजे तुमच्या पिल्लाला ती बहुधा मिळालेलीच नाही. नुसता ओरखडा असला तरी माणसाला लस लागते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळं इंजेक्शनही देतात. 'घरातलंच आहे, एवढंसं आहे' म्हणून थांबू नका.

आता फटक्यांचं. कृपा करून मारू नका. गुरगुरून पिल्लू सांगतंय, 'मला भीती वाटतेय, लांब राहा.' मार बसला की ते गुरगुरणं सोडेल, भीती मात्र तशीच राहील. मग पुढच्या वेळी न सांगता चावेल.

खेळातलं चावणं ओळखू येतं. अंग सैल असतं, शेपटीबरोबर अख्खी कंबर हलते, चावून मागे उडी मारतं आणि पुन्हा अंगावर येतं. तीन-चार महिन्यांचं झालं की दात बदलायला लागतात, हिरड्या शिवशिवतात. चप्पल, खुर्चीचा पाय, पँटची मोहरी, काही सुटत नाही. रात्री नऊला अंगात आल्यासारखं धावत सुटलं तर बहुतेक वेळा झोप कमी पडलेली असते. या वयात दिवसाचे १८ तास झोपणारी पिल्लं असतात. या सगळ्याचा वैताग येतो, पण घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

उद्या जेवताना लांबून नीट बघा. कुणी जवळून गेल्यावर खाणं थांबतं का? मान वाटीतच, पण जबडा हलायचा बंद, अंग लाकडासारखं ताठ, डोळा तिरपा होऊन कडेचा पांढरा भाग दिसतो? त्या एक-दोन सेकंदांच्या शांततेची मला गुरगुरण्यापेक्षा जास्त काळजी वाटते.

असं दिसलं तर आधी जनावरांचे डॉक्टर, मग ट्रेनर. हा क्रम मी चुकवला होता. आमची बुंदी रस्त्यावरून आणलेली, तीन महिन्यांची. डोक्याकडे हात नेला की दात दाखवायची. 'रस्त्यावरची आहे, स्वभावच तापट' म्हणत आम्ही तीन आठवडे घालवले. एकदा जेवताना पाहिलं, तर ती मान डावीकडे कलती ठेवून फक्त उजव्या बाजूने चावत होती. डाव्या कानात पू झाला होता. औषध सुरू झाल्यावर आठवड्यात तिने आपणहून डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. तिला इतके दिवस दुखत होतं, हे आजही मनातून जात नाही.

काही गोष्टींना मात्र उद्याची वाट बघायची नाही. खेळकर पिल्लू अचानक कोपऱ्यात पडून राहिलं, खाणं सोडलं, उलट्या किंवा रक्ताची हगवण लागली, तर पार्वोची (पिल्लांच्या जिवावर बेतणारा, उलट्या-हगवणीचा आजार) शक्यता धरून तासाभरात निघा. जबडा लटकतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, दिसेल त्याला चावतंय, तर रेबीज असू शकतो, तोंडात हात घालून 'काही अडकलंय का' बघू नका. खोलीत बंद करा आणि डॉक्टरांना फोन करा. मुंबईत असाल तर परळला जनावरांचं मोठं हॉस्पिटल आहे, बाकी जिल्ह्यांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत.

दुखणं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तर वाटी काढून घेऊन 'मालक कोण' दाखवायच्या फंदात पडू नका. ते गुरगुरणार नाही इतक्या लांबून जाता जाता वाटीच्या दिशेने चिकनचा किंवा पनीरचा तुकडा टाका आणि पुढे चला. रोज असंच. माणूस आलं की ताटातलं जात नाही, उलट भर पडते, हे त्याला कळू दे. मुलाला जेवणाच्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा. ट्रेनरने पहिल्याच भेटीत चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) काढली तर नमस्कार करून परत या. आणि हे लांबवू नका. माणसांवर विश्वास ठेवायला पिल्लं सगळ्यात सहज शिकतात ती साधारण १२ ते १४ आठवड्यांपर्यंत, आणि तुमच्याकडे त्यातले जेमतेम एक ते तीन उरलेत.

मुलाला दाखवून आलात की इथे दोन ओळी लिहा.