स्पेशालिस्ट सपोर्ट कोऑर्डिनेशनचे तास कुठे वापरावेत? एनडीआयएस प्रश्नोत्तरे

ऑस्ट्रेलियात एनडीआयएस, म्हणजे अपंग व्यक्तींना आधारसेवांसाठी पैसे देणारी सरकारी योजना. तिच्या प्लॅनमध्ये सपोर्ट कोऑर्डिनेशनच्या, म्हणजे सेवा शोधून त्यांचा मेळ घालून देण्याच्या, तीन पातळ्या असतात. स्पेशालिस्ट ही तिसरी, गुंतागुंतीच्या अडचणींसाठीची. २०२५-२६ च्या दरपत्रकात तिचा कमाल दर तासाला १९०.५४ डॉलर आहे, दुसऱ्या पातळीचा १००.१४ (दुर्गम भागात दोन्ही जास्त). यासाठी प्लॅनमध्ये मिळालेली रक्कम दुसऱ्या कशासाठी वळवता येत नाही. म्हणूनच एक तासही वाया जाऊ नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

मुलगा १९ वर्षांचा, ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता आहे. घरात मारझोड वाढल्याने हॉस्पिटलमध्ये ठेवावे लागले, आता ते डिस्चार्जची घाई करत आहेत. नव्या प्लॅनमध्ये ६० तास मिळालेत. सुरुवात कुठून करू?

पहिल्या भेटीआधी एका कागदावर लिहा, की आज नेमके काय अडले आहे. ‘मुलाचे आयुष्य सुधारावे’ ही तुमची इच्छा झाली. अडचण म्हणजे ‘एजन्सीने माणसे पाठवणे बंद केले’, ‘बिहेवियर सपोर्ट प्लॅन (वागणूक हाताळण्याचा लेखी आराखडा) जुना झाला’, ‘रात्री घरात मी एकटी’. स्पेशालिस्ट कोऑर्डिनेटर अशाच अडचणी सोडवायला असतो. रोजच्या शिफ्टचे वेळापत्रक लावणे हे त्याचे काम नव्हे. बहुतेकदा ही माणसे सोशल वर्क, सायकॉलॉजी किंवा ऑक्युपेशनल थेरपीतून आलेली असतात. तुमच्या मुलासारख्या किती जणांना त्यांनी हॉस्पिटलमधून घरी आणले आहे, हे करार करण्याआधी स्पष्ट विचारा.

पहिले काम एका बैठकीचे. हॉस्पिटलचा सोशल वर्कर, बिहेवियर सपोर्ट प्रॅक्टिशनर, एजन्सी आणि तुम्ही, सगळे एकत्र बसा. कोणी काय करायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे त्याच दिवशी लेखी घ्या. सुटे फोन करत बसलात तर तेच सांगणे चार वेळा होते आणि चारही वेळा बिल लागते.

दुसरे, एका पानाचा क्रायसिस प्लॅन. चिडण्याआधीची लक्षणे, त्या वेळी काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, रात्री कोणाला फोन करायचा, ‘ट्रिपल झीरो’ला (०००, आणीबाणीचा नंबर) कधी. मुलगा घरात मराठी बोलत असेल तर ‘बस’, ‘नको’, ‘दुखतंय’, ‘पाणी’ हे त्याचे शब्द रोमन लिपीत त्या पानावर हवेतच. तो काय सांगतोय तेच सपोर्ट वर्करला कळले नाही, तर साधी तहानसुद्धा हाणामारीवर जाते. एजन्सीची माणसे स्वयंपाकघराला कुलूप लावणार असतील तर ती प्रतिबंधात्मक पद्धत, म्हणजे माणसाच्या मोकळीकीवर घातलेले बंधन, ठरते. ती बिहेवियर सपोर्ट प्लॅनमध्ये असावी लागते आणि राबवणारी संस्था नोंदणीकृतच हवी.

तिसरे, ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (ओटी) फंक्शनल असेसमेंट, म्हणजे रोजची कोणती कामे जमतात आणि कुठे मदत लागते याची तपासणी. पुढे स्वतंत्र राहण्याची व्यवस्था मागायची असेल तर अर्ज याच कागदावर उभा राहतो, आणि ओटीची वेळ लवकर मिळत नाही. तेव्हा नंबर आजच लावा.

आता हिशेब. ६० तास म्हणजे ११,४३२.४० डॉलर. आमच्या मते २५ तास पहिल्या दोन महिन्यांत, १५ घर आणि बिहेवियर सपोर्टसाठी, ८ रिपोर्ट आणि कामाच्या हस्तांतरासाठी, आणि १२ राखीव. पण आधी फंडिंग पीरियड, म्हणजे पैसे कोणत्या हप्त्यांत मिळतात, ते बघा. मे २०२५ पासून नव्या प्लॅनची रक्कम हप्त्याहप्त्याने खुली होते, बहुधा तीन महिन्यांनी. समान चार हप्ते असतील तर पहिल्या तिमाहीत १५ च तास हातात येतात. उरलेले तास त्याच प्लॅनमधल्या पुढच्या हप्त्यात जातात, पण पुढचे आधी उचलता येत नाहीत. सुरुवातीला जास्त लागणार हे एनडीआयएला (योजना चालवणारी सरकारी संस्था) डिस्चार्जच्या पत्रासह लगेच कळवा आणि हप्ते बदलून मागा. तोवर १५ तासांत वरची तीन कामे बसवा, बाकीचे थांबू द्या.

मिस्टरांना मणक्याची इजा झाली आहे. दोन महिन्यांत निम्मे तास संपले आणि बिलावर फक्त ‘कोऑर्डिनेशन, ३ तास’ असे असते. हे बरोबर आहे का?

अजिबात नाही. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ आणि कारण हवे. ‘१४ तारीख, ओटीला फोन, व्हीलचेअरच्या कोटेशनबद्दल, ०.२५ तास’, म्हणजे सुमारे ४७.६३ डॉलर. अशी ओळ असली तर खर्च योग्य की अयोग्य हे तुम्हीच ठरवू शकता. प्लॅन मॅनेजर असेल तर त्याला कळवून ठेवा, की बिलाचे पैसे तुमच्या होकारानंतरच द्यायचे.

तुम्ही समोर नसताना केलेले फोन, ईमेल, रिपोर्ट यांचेही बिल लागू शकते, फक्त सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंटमध्ये तसे ठरलेले हवे. संस्थेची स्वतःची बिले बनवणे किंवा नव्या कर्मचाऱ्याला शिकवणे तुमच्या माथी मारता येत नाही. मिस्टरांना डॉक्टरकडे नेणे हे सपोर्ट वर्करचे काम, त्याला १९०.५४ चा दर कशाला? प्रवासाच्या वेळेचेही आधीच ठरवा आणि शक्य तिथे व्हिडिओ कॉल मागा. करारात एक वाक्य जरूर घाला: महिन्याला अमुक तासांपुढे जायचे तर आधी लेखी विचारावे. निम्मे तास गेले आहेत, तेव्हा उरलेल्यांचा आराखडा याच आठवड्यात लेखी मागा.

आमची कोऑर्डिनेटर प्रत्येक वेळी तिच्याच कंपनीचे सपोर्ट वर्कर सुचवते. नाही म्हणायला संकोच वाटतो.

संकोच सोडा. हितसंबंध उघड करणे तिच्यावर बंधनकारक आहे. प्रत्येक सेवेसाठी किमान तीन पर्याय, त्यांतले दोन बाहेरचे, ईमेलवर मागा. टाळाटाळ झाली तर कोऑर्डिनेटर बदलता येते. अ‍ॅग्रीमेंटमधली नोटिशीची मुदत तेवढी पाहा. तक्रार एनडीआयएसच्या क्वालिटी अँड सेफगार्ड्स कमिशनकडे, १८०० ०३५ ५४४ वर. मराठीतून बोलायचे असेल तर आधी १३१ ४५० वर दुभाषा मागा.

पुढच्या प्लॅनमध्ये तिसरी पातळी काढणार असे कानावर आले आहे. काय करावे?

ही रक्कम मुळात ठराविक काळासाठीच असते. ‘आम्हाला अजून गरज आहे’ एवढ्यावर ती टिकत नाही. प्लॅन संपायच्या तीन महिने आधी कोऑर्डिनेटरकडून रिपोर्ट घ्या. कोणती अडचण किती तासांत सुटली, कोणती उरली आणि आधार काढला तर काय कोसळेल, हे त्यात तारखांसह असावे. ‘पेशंट व कुटुंब समाधानी’ असला रिपोर्ट उलट अंगावर येतो. संकट टळले असेल तर तसे प्रामाणिकपणे सांगा आणि थोडे तास तिसऱ्या पातळीचे, बाकी दुसऱ्या पातळीचे मागा. नव्या कोऑर्डिनेटरकडे काम सोपवायला दोघांची एकत्र भेट हवी, नाहीतर सगळी माहिती जुन्या माणसाबरोबर जाते. निर्णय पटला नाही तर तीन महिन्यांत एनडीआयएकडेच अंतर्गत फेरविचार मागता येतो. तिथेही नकार आला तर २८ दिवसांत अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल, म्हणजे सरकारी निर्णय तपासणारे स्वतंत्र न्यायाधिकरण. तिथे तुमची बाजू लढवणे हे कोऑर्डिनेटरचे काम नाही. त्यासाठी मोफत अ‍ॅडव्होकसी संस्था आहेत, त्यांच्याशी गाठ घालून देणे मात्र तिचे काम.

दिवाळीला मुलीला घेऊन दोन महिने पुण्याला जायचे आहे. प्लॅन बंद पडेल का?

सहा आठवड्यांपर्यंत प्लॅन चालू राहतो. त्याहून जास्त थांबायचे असेल तर निघण्याआधी एनडीआयएकडे मुदतवाढ मागा, नाहीतर परत येईपर्यंत तो स्थगित होऊ शकतो. विमानभाडे प्लॅनमधून मिळत नाही. परतल्यावर पहिल्या आठवड्याचे सपोर्ट वर्कर जाण्याआधीच ठरवून जा. जुनी माणसे दोन महिने मोकळी राहत नाहीत.