बागेच्या शंका : झेडझेडचे खोड कुठे असते?

प्रश्न : आमच्या झेडझेड प्लांटचा एक दांडा फार उंच झाला म्हणून मध्यावर छाटला. चार महिने झाले, तरी फांदी फुटलेली नाही. असे का?

उत्तर : तुम्ही छाटलेत ते पान, खोड नव्हे. मातीतून वर आलेला अख्खा दांडा म्हणजे एकच संयुक्त पान आणि त्यावरची चकचकीत ‘पाने’ म्हणजे त्याच्या पर्णिका. कढीपत्त्याचेही असेच असते. पर्णिकेच्या बगलेत डोळा नसतो, त्यामुळे छाटल्या जागी काहीच फुटणार नाही. खरे खोड मातीत आडवे असते, बटाट्यासारखे फिकट आणि गुबगुबीत. नवे पान त्यातूनच टोकदार कोंब होऊन निघते. उंच दांडा नको असेल तर मातीलगत कापा. अर्धवट ठेवलात तर थोटूकच राहील.

ही प्रजाती (म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट) अळू-सुरणाच्या कुळातली. हिच्यात जाती एकच, आणि ती केनियापासून दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागापर्यंत रानात वाढते. शॉट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये ‘झामिओकुल्कस’ हे नाव दिले. पाने झामिया या सायकॅड गटातल्या झाडासारखी म्हणून ‘झामि’, आणि ‘कुलकास’ म्हणजे अरबीत अळू! फुलोरा पाहिला की हे नाते लगेच पटते : मधे कणीस, भोवती हिरवट आवरण, वरच्या भागात नरफुले, खाली मादीफुले. तो दांड्यांच्या बुडाशी, मातीलगत येतो, म्हणून बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

प्रश्न : एका पर्णिकेपासून रोप होते म्हणतात. मी लावली, तीन महिने ती नुसती हिरवीच आहे.

उत्तर : हिरवी आहे ना, मग काम चालू आहे. उपटून पाहू नका. कोवळी मुळे तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पूर्ण वाढलेली पर्णिका बुडापासून अलगद तोडा, एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या. निम्मे कोकोपीट, निम्मी जाड वाळू घेऊन त्यात बुडाकडची बाजू दीड-दोन सेंटिमीटर खोचा. टोक खाली गेले तर रुजणार नाही. आधी बुडाशी वाटाण्याएवढी गाठ धरते, मग मुळे येतात आणि सर्वांत शेवटी कोंब. कोंबाला सहा महिने ते वर्षभर लागू शकते. मधे जुनी पर्णिका पिवळी पडली तरी कुंडी रिकामी करू नका, खाली गाठ जिवंत असू शकते. रानात दुष्काळ पडला की हे झाड पर्णिका गाळते, आणि गळालेल्या पर्णिकाही अशाच रुजतात.

प्रश्न : पावसाळ्यात दांडे पिवळे होऊन कोलमडतात. खत कमी पडते का?

उत्तर : नाही, पाणी जास्त होते. कंद, दांड्याचे फुगीर बूड आणि पर्णिका ही सगळी पाण्याची कोठारेच आहेत. पाणी तुटले की हे झाड पर्णरंध्रे (पानांवरची बारीक छिद्रे) रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेऊ लागते, म्हणजे दिवसाच्या उन्हात पाणी उडत नाही. अशा झाडाचा कंद ओल्या मातीत आठवडाभर राहिला की कुजतो.

दांड्याचे बूड दाबून पाहा. सुरकुतलेले पण टणक असेल तर पाणी हवे आहे. मऊ, पचपचीत आणि वास येत असेल तर सड आहे. सड असेल तर लगेच झाड काढा, तपकिरी भाग पांढरा गर दिसेपर्यंत स्वच्छ सुरीने कापा, दोन-तीन दिवस सावलीत वाळवा आणि भोक असलेल्या मातीच्या कुंडीत कोरड्या मिश्रणात लावा. आठवडाभर पाणी देऊ नका. पुढे बोट पूर्ण खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी घाला. पावसाळ्यात ती वेळ महिन्यातून एकदाही येईल न येईल.

प्रश्न : घरात रांगते बाळ आहे. हे झाड ठेवावे का?

उत्तर : बाळाच्या हाताला लागेल असे नको. अळूसारखेच यातही कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक असतात. चावले तर तोंडाची आग होते, सूज येते. नुसते शेजारी ठेवल्याने कर्करोग होतो ही मात्र अफवा आहे. छाटणी केल्यावर हात साबणाने धुवा आणि गळालेल्या पर्णिका रोज उचला.