निसटलेला पास आणि टाइट एंडची किंमत

प्रश्न : संपादक महोदय, सादर नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात शेती करतो. चुलतभाऊ आणि मी काही वर्षांपासून मोबाइलवर अमेरिकन फुटबॉल पाहतो. जानेवारी २०२५ मध्ये एका सोमवारी, तुरीच्या सवंगणीला उशिरा जाऊन, आम्ही बाल्टिमोर रेव्हन्स आणि बफेलो बिल्स यांच्यातील बाद फेरीचा सामना पहाटे पाचपासून पाहिला. अखेरच्या दीड मिनिटात रेव्हन्सचा टाइट एंड (रांगेच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही पकडणारा खेळाडू) मार्क अँड्र्यूज याच्या हातून, टचडाउननंतर (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेल्यावर, ज्याचे सहा गुण असतात) मिळणाऱ्या जादा प्रयत्नातला दोन गुणांचा पास निसटला आणि त्याचा संघ २७-२५ असा हरला. ऐन मोक्यावर ज्याच्या हातून चेंडू सुटतो, त्याला मोठा खेळाडू म्हणू नये, असे चुलतभाऊ म्हणतो. एका चेंडूवरून खेळाडूची पारख करू नये, असे माझे म्हणणे आहे. वाद अजून मिटलेला नाही. आपले मत काय?
— एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : आपण दोघांनीही त्या एका चेंडूवरच नजर खिळवली आहे, आणि माझ्या मते वाद तिथेच अडला आहे. तो पास अँड्र्यूजने घ्यायलाच हवा होता, याबद्दल शंका नाही. क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) लमार जॅक्सनने चेंडू त्याच्या हातापर्यंत पोचवला होता आणि तो हातांना लागून सुटला. मैदानावर बर्फ होता हे खरे, पण बर्फ दोन्ही संघांसाठी सारखाच होता. म्हणून चूक त्याचीच, हे आपण चुलतभावापाशी मोकळेपणाने मान्य करावे.

मात्र तो पास पकडला गेला असता तरी सामना जिंकला नसता, २७-२७ असा बरोबरीत आला असता. आणि दीड मिनिट शिल्लक असताना चेंडू बफेलोच्या क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलनकडे गेला असता. मला त्याहून महाग पडलेली वाटते ती अँड्र्यूजचीच आधीची चूक. चौथ्या सत्रात रेव्हन्स २४-१९ असे मागे असताना त्याने पास पकडला, तो पळू लागला आणि बफेलोच्या टेरेल बर्नार्डने त्याच्या हातून चेंडू उडवून स्वतःच ताब्यात घेतला. त्यानंतर बफेलोने फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारून तीन गुण) करून आघाडी आठ गुणांवर नेली. दोन गुणांच्या त्या अखेरच्या प्रयत्नाची वेळच या आठ गुणांमुळे आली. तिसऱ्या सत्रातही रेव्हन्सचा दोन गुणांचा एक प्रयत्न फसला होता, आणि जॅक्सनकडूनही एक पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला होता व एकदा चेंडू सुटला होता. रेव्हन्सने चेंडू एकूण तीन वेळा गमावला, बफेलोने एकदाही नाही. ज्यांना अँड्र्यूजवर ठपका ठेवायचा आहे, त्यांनी हा सगळा हिशेब मांडून ठेवावा. निसटलेला पास तेवढा डोळ्यांसमोर राहतो, कारण तो शेवटी निसटला.

आता किमतीचा प्रश्न. त्या हंगामाच्या साखळी सामन्यांत अँड्र्यूजकडे ६९ पास टाकले गेले आणि त्यांपैकी ५५ त्याने पकडले, म्हणजे पाचांत जवळजवळ चार. त्या ५५ झेलांपैकी ११ टचडाउन ठरले. दर पाचव्या झेलाला संघाला सहा गुण मिळाले. २०२१ मध्ये तर त्याने १०७ झेल घेऊन १,३६१ यार्ड मिळवले होते. झेल घेऊन टचडाउन करण्यात रेव्हन्सच्या इतिहासात त्याच्या पुढे कोणीही नाही. अशा खेळाडूला मोठा म्हणू नये, हे चुलतभावाचे म्हणणे मला मुळीच पटत नाही.

त्यातही टाइट एंड हे स्थानच असे आहे की नुसते झेल मोजून त्याची किंमत कळत नाही. तो आक्रमक रांगेच्या टोकाला उभा राहतो आणि त्याच्याकडून दोन वेगळ्या माणसांची कामे करून घेतली जातात. एका खेळीत त्याला वजनदार बचावपटूला छातीने अडवून मागच्या धावपटूला वाट करून द्यावी लागते. दुसऱ्या खेळीत त्याच जागेवरून निघून मैदानाच्या मधोमध, चहूबाजूंनी अंगावर येणाऱ्या माणसांत, पास पकडावा लागतो. लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) त्याच्या मागे धावायला कमी पडतो, सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) त्याच्यापेक्षा हलका असतो, आणि म्हणून प्रतिस्पर्ध्याला त्याच्यासाठी बचावाची मांडणीच बदलावी लागते. आपल्याकडच्या कबड्डीत कोपऱ्याच्या खेळाडूने घोटा धरला आणि शेजारच्याने वेळेवर येऊन चढाई करणाऱ्याला दाबले, तर टाळ्या घोटा धरणाऱ्याला मिळतात. टाइट एंडच्या अडवण्याचेही तसेच होते. त्या कामाचा आकडा सामन्याच्या तक्त्यात नसतो.

त्या सामन्यानंतर समाजमाध्यमांवर अँड्र्यूजला फार वाईट बोलले गेले. त्याला लहानपणापासून टाइप १ मधुमेह आहे. तेव्हा विजयी बफेलोच्याच एका चाहत्याने याच आजारासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या नावे निधी गोळा करायला सुरुवात केली आणि एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटली ती ही गोष्ट. चुलतभावाला ती आवर्जून सांगा.

प्रश्न : एकाच खेळाडूच्या निसटलेल्या पासांचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे का दाखवतात? त्यांवर विश्वास ठेवावा का?
— एक शिक्षिका, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : निसटलेला पास ही एनएफएलची (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगची) अधिकृत नोंद नाही. सामन्यांचे विश्लेषण करणाऱ्या कंपन्या चित्रीकरण पाहून स्वतःच ठरवतात की हा पास पकडता येण्याजोगा होता की नव्हता. चेंडू बोटांना निसटता लागला, किंवा तो हातात येत असतानाच बचावपटूचा धक्का बसला, तर एक परीक्षक दोष खेळाडूला देतो आणि दुसरा देत नाही. उलट, टाइट एंडच्या हातांवर आपटून उडालेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने पकडला, तर अधिकृत नोंद क्वार्टरबॅकच्या खात्यावर होते.

म्हणून नुसती संख्या पाहू नये. किती पास टाकले गेले त्यांपैकी किती सुटले, हे पाहावे, आणि तेही एकाच ठिकाणच्या आकड्यांवरून, निदान दोन-तीन हंगामांचे. शंभर पासांत पाच सोडणारा आणि तीस पासांत चार सोडणारा यांत संख्येने पहिला वाईट दिसतो, प्रत्यक्षात दुसरा अधिक सोडतो. आकडे पाहून झाल्यावर एक सामना असाही पाहा, की चेंडू कुठेही जावो, आपली नजर त्या टाइट एंडवरून हलवायची नाही. त्याच्याकडे पास न आलेल्या खेळींत त्याने कोणाला अडवले आणि कोणाला आपल्यामागे ओढून नेले, हे एका सामन्यात बरेचसे लक्षात येते.