सासूबाईंना घेऊन साल्हेर एका दिवसात होईल का?

प्रश्न: नमस्कार, आम्ही धुळ्याचे. डिसेंबरच्या सुट्टीत घरच्या सगळ्यांनी साल्हेर किल्ल्यावर जायचं ठरतंय. पोरगा ८ वर्षांचा, पोरगी १२ ची आणि सासूबाई ६३. त्यांना वरच्या परशुरामाच्या पादुकांचं दर्शन घ्यायचंय, "मी बी येस" म्हणून हटूनच बसल्यात, आणि मिस्टर म्हणतात आईला घरीच ठेवू. एका दिवसात वर जाऊन परत येता येईल का, सोबत काय घेऊ?
– एक ताई, धुळे

उत्तर: ताई, होईल, पण साल्हेरला हलकं घेऊ नका. १५६७ मीटर उंची आहे, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, त्याच्यावर फक्त कळसूबाईचं शिखर. साक्री, पिंपळनेर, ताहाराबादवरून जायचं तर धुळ्यातून अंधारातच निघा आणि आठच्या आत पायथ्याच्या वाघांबे गावातून चढायला लागा. साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्या मधल्या खिंडीपर्यंत चढ आहे पण पोरं सहज येतात, खरं काम पुढे कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर, तिथे पोराचा हात सोडायचा नाही.

आणि परत फिरायची वेळ घरीच ठरवा. दुपारी एक म्हणजे एक, मग समोर मंदिर दिसत असलं तरी मागे वळायचं, कारण डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य बुडतो आणि उतरायला पोरांना चढण्याइतकाच वेळ लागतो. आम्ही एकदा हे पाळलं नाही. वर गंगासागर तलावापाशी पोरं रमली, आम्हीही बसलो, आणि उतरताना पायऱ्यांवर मुलीच्या बुटाचा सोलच निघाला, दोन वर्षं कपाटात पडलेले बूट, गोंद वाळून गेलेला. ओढणीची पट्टी फाडून सोल बांधला, दर वीस पावलांना ती सरकायची, खाली आलो तेव्हा पूर्ण अंधार आणि आमच्याकडे एकच मोबाईल चार्ज. पोरीचा तो घाबरलेला चेहरा मला अजून आठवतो. म्हणून सांगते, सगळ्यांचे बूट आठ दिवस आधीपासून रोज घालून चाला, आणि प्रत्येकाकडे टॉर्च हवाच.

पाणी मोठ्यांना तीन लिटर, पोरांना दीड-दोन, वरच्या टाक्यातल्या पाण्याच्या भरवशावर जाऊ नका. जेवायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, दुधात भिजवलेल्या दशम्या दिवसभर मऊ राहतात, भरीत-भाकरी परत आल्यावर. स्वेटर घ्याच, उंचीमुळे वर धुळ्यापेक्षा आठेक डिग्री कमी असतं, त्यात वारा. आणि अत्तर-सेंट लावू नका, धूर करू नका, कड्यांना आग्या मोहोळं असतात.

पोरांना खिंडीत बसवून १६७२ ची लढाई सांगा, मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांनी मोगलांना साल्हेरजवळच मोकळ्या मैदानात हरवलं, माझी पोरं तर तेवढ्यावर पुढचा चढ न कुरकुरता चढली. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या १२ किल्ल्यांत साल्हेरही आहे, तेही सांगा.

आता सासूबाईंचं. त्यांना विचारल्याशिवाय घरी ठेवू नका हो, त्यांची इच्छा आहे. आधी एका रविवारी लळिंग किल्ल्यावर न्या, जवळच आहे. चढताना दम लागतो, थांबलं की जातो, पण उतरताना गुडघे बोलतात, ते बघा. दुसऱ्या दिवशी पाय सुजले नाहीत तर साल्हेरला त्यांनाच सगळ्यात पुढे चालवा, बाकीच्यांनी त्यांच्या मागे, त्यांच्याच चालीने. आणि लळिंगलाच गुडघा दुखला तर खिंडीपर्यंत चला म्हणा, मिस्टरांनी त्यांच्याजवळ थांबायचं, तुम्ही पोरांना घेऊन वर जा, आणि पादुकांवर त्यांच्या नावाचं फूल वाहा. फूल मात्र त्यांच्याच हातून पदरात बांधून घ्या.