गाठच नाही, मग कॅन्सर कसा?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. माझ्या आत्या (सासूबाई) 61 वर्षांच्या आहेत. उजवा स्तन जरा घट्ट वाटायचा, बोंडी आत ओढली होती, पण गाठ अशी कधी हाताला लागली नाही. वर्षापूर्वीची मॅमोग्राफी चांगली होती. आता सुईने तुकडा काढून तपासला तर रिपोर्टात ‘इन्व्हेजिव्ह लोब्युलर कार्सिनोमा, ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’. डॉक्टर म्हणाले, या पेशी एकमेकींना चिकटून राहत नाहीत. म्हणजे भराभर पसरणार का? शेजारच्या काकू म्हणतात, सुई लावली म्हणूनच सुटल्या. आत्या एकच विचारतात, ‘गाठच न्हाई तर कॅन्सर कसा म्हणायलेत?’ शिवाय कॅल्शियमने पेशी चिकटतात असं मोबाईलवर वाचलं. रोज नाचणीची आंबील द्यावी का?
— एक सून, खानापूर तालुका

उत्तर : आत्यांच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण सगळ्यांत नेमका तोच आहे.

बेळगावात तीसेक वर्षं मी हेच काम केलं, मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. स्तनाचा नेहमीचा कॅन्सर, म्हणजे दूधनळीचा, काचेवर घोळक्याघोळक्याने दिसतो. बाजारच्या दिवशी गल्लीत माणसं दिसतात तसा. लोब्युलर, म्हणजे दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्यांचा, वेगळा. तुमच्या शिवारात भांगलणीच्या बायका अरुंद बांधावरून एकीमागे एक जातात ना, तशा याच्या पेशी स्तनाच्या तंतूंमधून एकेरी रांगेने सरकतात. घोळका नाही म्हणून गोळा नाही, आणि गोळा नाही म्हणून हाताला लागलं नाही. मॅमोग्राफीतही हा याच कारणाने निसटू शकतो. स्तनाच्या 100 आक्रमक (म्हणजे आजूबाजूला घुसणाऱ्या) कॅन्सरांत 10 ते 15 या जातीचे असतात. आत्यांना सांगा, गाठ शोधणारा हात चुकला नव्हता.

आता ई-कॅडहेरिन. पेशीच्या कातडीतून बाहेर डोकावणारं हे प्रथिन शेजारणीच्या तशाच प्रथिनात अडकतं. आम्ही स्लाइडवर त्याचा खास रंग चढवतो. ते असेल तिथे प्रत्येक पेशीभोवती तपकिरी काठ उमटतो. आत्यांच्या स्लाइडवर शेजारची निरोगी दूधनळी तपकिरी आणि कॅन्सरच्या पेशी कोऱ्या असं दिसलं असणार. ती नळी मी आधी बघायची. तीच रंगली नसेल तर रंग नीट चढलेला नाही, रिपोर्ट लिहायचा नाही!

‘सुटी पेशी म्हणजे पसरणारी पेशी’ ही कल्पना जुनी आहे आणि तिला आधारही आहे. अमेरिकेत डेल रेक्स कोमन यांनी 1944 साली बारीक सुयांनी पेशींच्या जोड्या ओढून बघितल्या. कॅन्सरच्या जोड्या कमी ओढीत सुटल्या. पण सुटणं ही फक्त पहिली पायरी. पुढे पेशींच्या थराखालचा पातळ पापुद्रा एन्झाइमांनी विरघळवावा लागतो. तंतूंना धरून पुढे सरकायला इंटिग्रिन नावाची वेगळी प्रथिनं लागतात, म्हणजे एकीकडची पकड सोडून दुसरीकडे धरायचं. मग रक्तात किंवा लसिकेत (लिम्फमध्ये) एकटीने जिवंत राहायचं आणि परक्या अवयवात रुजायचं. बहुतेक पेशी वाटेतच मरतात. नेहमीच्या दूधनळीच्या कॅन्सरात ई-कॅडहेरिन बहुधा शाबूत असतं, तरी तो पसरतोच. 2019 साली तर उंदरांवरच्या प्रयोगात उलटंच दिसलं. अशा कॅन्सरातून ई-कॅडहेरिन काढून टाकलं तेव्हा पेशी आजूबाजूला जास्त घुसल्या, पण दूरच्या अवयवांत गाठी कमी झाल्या, कारण सुटलेल्या पेशी तगल्याच नाहीत.

म्हणून ‘निगेटिव्ह’ या शब्दावरून भराभर की सावकाश हे ठरवू नका. तो जात सांगतो. वेग आणि पल्ला सांगणाऱ्या गोष्टी रिपोर्टात दुसरीकडे असतात : ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते), काखेतल्या ग्रंथी, आणि ईआर, पीआर, हर-2 हे रिसेप्टर, म्हणजे वाढीचे संदेश पकडणारी प्रथिनं, त्यातली पहिली दोन हार्मोनची. लोब्युलर बहुतांशी ईआर पॉझिटिव्ह निघतो, म्हणजे हार्मोनच्या गोळ्यांना दाद देणारा. त्या निदान पाच वर्षं घ्याव्या लागतात, आणि बरं वाटतंय म्हणून बायका मध्येच सोडतात. तेवढं सांभाळा. याची एक खोड मात्र लक्षात ठेवा : हाडांबरोबरच हा कधीकधी पोटाच्या आतल्या अस्तरात, जठरात, अंडाशयात जातो. पोट फुगणं, भूक मरणं महिनाभर टिकलं तर ‘पित्त झालंय’ म्हणून घरी बसू नका.

काकूंना माझ्याकडून सांगा : दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्यांत याच पेशींची एक आधीची अवस्था असते. पेशी अजून पिशवीच्या आतच, पापुद्रा शाबूत, तरी ई-कॅडहेरिन तिथेच गेलेलं. ते सुईमुळे जात नाही. पेशीच्या आतला, ई-कॅडहेरिन बनवणारा सीडीएच-1 हा जीन आधीच बिघडलेला असतो. कित्येक बायकांत या सुट्या पेशी वर्षानुवर्षं पिशवीतच राहतात, बाहेर पडतच नाहीत. सुई घातली नसती तर उपचार कोणते द्यायचे, हे कळलं नसतं.

हा जीनचा बिघाड सहसा त्या कॅन्सरच्या पेशींपुरताच असतो. क्वचित तो घराण्यात चालत येतो आणि तिथे जठराचा पसरट कॅन्सरही दिसतो. 1998 साली न्यूझीलंडच्या एका माओरी घराण्यात हे प्रथम उलगडलं. आत्यांच्या माहेरी कुणी ऐन उमेदीत जठराच्या कॅन्सरने गेलं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

राहिली आंबील. मोबाईलवरची गोष्ट अर्धी खरी आहे. जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी ही कॅल्शियमवर चालणारी पकड उलगडली. पण रक्तातलं कॅल्शियम शरीर आपणच मापात ठेवतं, आणि आत्यांच्या त्या पेशींत पकडणारं प्रथिनच नाही. कॅल्शियम चिकटवणार कशाला? लेट्रोझोलसारखी हार्मोनची गोळी सुरू झाली की हाडं विरळ होतात. तेव्हा डॉक्टर कॅल्शियम देतील, ते हाडांसाठी. आंबील आवडत असेल तर खुशाल द्या, ताक जरा जास्त घालून.